राष्ट्राध्यक्षांची बायको आणि तुमचे बंधू

ती. वन्संना,

गुडघे परवानगी देतात तितकं वाकून नमस्कार. खांदा कसा आहे? शेकत जा, आणि शेजारणीने दिलेली तेलं लावू नका. त्या बाईचा स्वतःचा हात अजून कानाच्या वर जात नाही. मी उत्तम आहे. घरही उत्तम आहे. तुमचे धाकटे बंधू गेल्या आठवड्यापासून तुमच्याकडे रुसून बसले आहेत, त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. हवं तितकं ठेवून घ्या. (चहात साखर अर्धा चमचा. ते एक मागतील. देऊ नका.)

पण का आलास, असं तुम्ही त्यांना विचारलं असेल तर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं असणार. म्हणून मीच सांगते. आमच्या वाचनालयात निवृत्त मंडळींचं एक जर-तर मंडळ आहे. जे घडलं नाही ते घडलं असतं तर पुढे काय झालं असतं, हे दर महिन्याला लिहून आणायचं आणि माइकवर वाचायचं. (जे घडलं ते आता कुणालाच नीट आठवत नाही, म्हणून ही सोय.) मंडळ चालवतात ते इतिहासाचे निवृत्त मास्तर, त्यांना सगळे सनावळी म्हणतात, तोंडावरसुद्धा. माइक, वायरी, स्पीकर हे खातं तुमच्या बंधूंचं. दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्यांच्या हातांना काम हवं असतं आणि मंडळाला फुकटचा माणूस हवा असतो. या खेपेचा विषय होता, राष्ट्राध्यक्षांचा जोडीदार दुसराच कुणी असता तर? दंतवैद्यांनी लिहिलं की एका राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची अक्कलदाढ वेळेवर काढली असती तर युद्ध टळलं असतं. (त्यांच्या मते सगळा इतिहास दाढांवरच उभा आहे.) शिवणक्लासवाल्या बाईंनी बाईलाच राष्ट्राध्यक्ष केलं आणि तिच्या नवऱ्याला जन्मभर फिती कापायला लावल्या. ते मात्र मला आवडलं.

आता मी काय लिहिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्या वकिलाचं स्थळ मला आलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या बाहेरच्या खोलीत बसून ते गृहस्थ देशाबद्दल तासभर बोलले. तुम्ही हे आत्ता तिसऱ्यांदा सांगताय, असं मी म्हटलं. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलंच होतं की चूक दिसली की हात वर करायचा. मी हात वर करूनच बोलले.) मुलगी फार बोलते, असा निरोप आला. त्यानंतर तुम्ही भावाला घेऊन आलात. आईने मला तोंड उघडू नकोस म्हणून बजावलं होतं, तरी मी तुमच्या पायातल्या चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या आहेत हे सांगितलंच. आई पांढरीफटक पडली. तुम्ही चपलांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बोलू द्या हो तिला. आमचा अजिबात बोलत नाही. घरात एकाने तरी बोलायला हवं ना?" या एका वाक्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. आजवर बोलले नाही, कारण तुम्ही डोक्यावर बसला असता.

तर माझ्या लेखात तो वकील हो म्हणतो. मी राष्ट्राध्यक्षांची बायको होते. त्यांची भाषणं निम्म्याने छोटी करते, मंत्र्यांना वेळेवर यायला लावते, देशाचं सोनं होतं. त्यातच एक वाक्य होतं: "दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिला आयुष्य काढावं लागलं नाही." इथे माझा घसा कोरडा पडला. मी पाणी प्यायला थांबले आणि त्या दंतवैद्यांना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. आणि टाळी ऐकली की तुमचे बंधू काय करतात ते तुम्ही जाणताच. माइक बंद, वायर कोपरावर गुंडाळून पिशवीत! पेला खाली ठेवेपर्यंत माणूस दारात. दाराशी ग्रंथपालबाईंना म्हणाले, "छान झालं, सांगा तिला." घरी येते तर किल्ली शेजारी आणि हे तुमच्याकडे.

अहो, पण लेख निम्मा राहिला होता! पुढचा भाग मी बिनमाइकचा, ओरडून वाचला. पुढे काय होतं? राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात त्या बाईशी बोलायला कुणी नसतं. म्हणजे बोलणारे ढीगभर, ऐकणारा एकही नाही. एकदा दिवा बिघडतो. दुरुस्तीवाला येतो. तो दिवा उघडतो, ती बोलते, तो ऐकतो, मान हलवतो, दिवा लावून जातो. दुसऱ्या दिवशी ती दुसरा दिवा स्वतः फोडते. मग तिसरा. वर्षभरात प्रासादात एक दिवा धड राहत नाही. शेवटी परदेशी पाहुण्यांच्या मेजवानीत ती मुख्य झुंबरच बंद पाडते आणि अंधारात त्याची हत्यारांची पिशवी उचलून त्याच्याबरोबर निघून जाते. कुठे? दुकानावरच्या दोन खोल्यांत! सनावळी म्हणाले, राष्ट्राध्यक्षांची पत्नी वायरमनबरोबर जाते हे इतिहासाला पटणारं नाही. मी म्हटलं, तुमच्या इतिहासाला दाढ पटते, मग वायरमनने काय घोडं मारलंय?

असो. घरात नळ गळत नाही, पंखा कुरकुरत नाही. जायच्या आधी त्यांनी सगळं इतकं नीट करून ठेवलंय की माणसाला बोलावून घ्यायला कारण म्हणून सापडत नाही. हा काय स्वभाव झाला?

खांद्याला जपा. चपला पाहून घालत जा.

तुमची भावजय

ता. क. त्यांचा वाचायचा चष्मा इथे रेडिओवर राहिलाय, तेव्हा हे पत्र तुम्हीच त्यांना वाचून दाखवत असणार. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. दिव्यांचा भाग उजव्या बाजूला बसून पुन्हा एकदा वाचा. मध्ये पाणी पिऊ नका.

आणखी एक. बाहेरच्या खोलीतला दिवा आज सकाळी टेबलावरून पडला. त्याला काहीच झालं नाही (त्यांनीच जोडलेला), म्हणून तो पुन्हा पडला. आता लागत नाही. दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू देणार नाही, असं सांगा त्यांना.