उसनी चाल

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे! झटका आल्यापासून सतरा दिवस हॉस्पिटलचं छत बघत काढले. त्यामानाने हे चालायला शिकवणारं केंद्र म्हणजे चैन आहे. खोलीला दोन खिडक्या, भिंतीला सगळीकडे धरायला दांडे, गादीही बरी. हिने माझे कपडे कपाटात लावले, वही-पेन उशाशी ठेवलं आणि रोज लिहा म्हणून बजावून गेली. डावा हात, डावा पाय संपावर गेलेत. उजवी बाजू आणि तोंड शाबूत. तोंडाला काही होणार नाही हे आपल्याला आधीच ठाऊक होतं, असं ही चक्क डॉक्टरांसमोर म्हणाली.

तीस वर्षं बस चालवली, गाडीला साधा ओरखडा नाही. आता माझी एकच इच्छा आहे. हिच्याबरोबर, स्वतःच्या पायांनी घरी जायचं. चार जणांनी खुर्चीसकट उचलून नाही. हिला तसा शब्द दिलाय.

बुधवार, ५ तारीख

व्यायाम घेणाऱ्या ताई काडीसारख्या बारीक, पण बोलणं असं की टोचलंच पाहिजे. मी त्यांचं नाव टाचणी ठेवलंय. त्यांना ते कळलंय आणि आवडलंयसुद्धा.

आज मशीन बघितलं. माणसाला पट्ट्यांनी वर टांगतात, खाली जमीन सरकते, पायांना लोखंडी पाय बांधतात. ते चालतात आणि आपले पाय त्यांच्या मागे फरफटत शिकतात. पण मशीनला आधी कुणाची तरी चाल दाखवावी लागते. इथली पद्धत अशी, की ती घरच्याच माणसाची घ्यायची, पेशंटच्या उंचीच्या. भाऊ किंवा मुलगा असला तर उत्तम. त्याच्या पायांना तारा चिकटवून हॉलमध्ये फिरवतात आणि ती चाल मशीनमध्ये भरतात. घरची चाल पायाला लवकर पटते, असं टाचणीचं म्हणणं.

झाली ना पंचाईत! मला भाऊ नाही. लेक एकुलती एक, आणि ती गेलीय आईवर. दोघी माझ्या खांद्याला पोचत नाहीत. मशीनवाला म्हणाला, काका, टेन्शन घेऊ नका, तुमच्या मापाची एक जुनी चाल पडून आहे, तीच लावतो. ताईंना मात्र सांगू नका. देवमाणूस!

सोमवार, १० तारीख

पाच पावलं! मशीनशिवाय, दांडा धरून. टाचणीने टाळ्या वाजवल्या. मी लहान पोरासारखा रडलो. रडू दे, कोण बघतंय.

शुक्रवार, १४ तारीख

काठीवर आलो. संध्याकाळी ही आली होती, तिला व्हरांड्यात चालून दाखवलं. हरखली, पण मग माझ्या पायांकडे बघत राहिली. म्हणाली, अहो, तुम्ही असे कधी चालायचात? मी आयुष्यभर बदकासारखा डुलत चाललो, त्यावरून तिने मला कमी का छळलंय! आता टाच आधी पडते, पावलं झपझप, आणि दर चौथं पाऊल जरा लांब. मी म्हटलं, नवा पाय, नवा रुबाब.

एक गोष्ट तिला सांगितली नाही. दुपारी बाथरूमला जायचं होतं, उजवीकडे. पाय डावीकडे वळला, फाटकाकडे. दोनदा.

मंगळवार, १८ तारीख

आज फाटकाबाहेर होतो. मी गेलो नाही. पाय गेला, मला मागे घेऊन. काठी खोलीतच राहिली होती. वॉचमनने दंड धरून परत आणलं आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. काका, काय प्रगती! मला दरदरून घाम फुटला होता, तो त्यांना कष्टाचा वाटला.

टाचणीला सांगितलं, हा पाय माझा नाही. ती म्हणाली, या आजारात पुष्कळांना तसं वाटतं, होईल कमी.

गुरुवार, २० तारीख

उजवा पायही. चांगला पाय होता तो. तोही आता त्याच्यासारखाच पडतो, टाच आधी, चौथं लांब.

इस्त्रीच्या दुकानापर्यंत गेलो. तिथून पकडून आणलं. मशीनवाल्याला कोपऱ्यात घेतलं, चाल कुणाची ते विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग बोलला. एक माणूस वडिलांसाठी चाल द्यायला आला होता. दिली. घाईत होता, घरी आई एकटी, तिला दिसत नाही नीट. इथून निघाला आणि दोन गल्ल्या सोडून रस्त्यातच कोसळला. घरी पोचलाच नाही. पाठोपाठ वडीलही गेले. चाल पुसून टाकायची राहिली.

मशीनवाला म्हणतो, काका, चाल म्हणजे नुसते आकडे असतात.

मी मशीन बंद करायला सांगितलं.

शनिवार, २२ तारीख

दोन दिवस मशीन नाही. उलट जास्तच चांगलं चालतोय.

जेवणानंतर दोन्ही पाय पलंगाला टॉवेलने बांधले. पक्की गाठ. डोळा लागला. जागा झालो तर गाठ सुटत होती — सोडत होता माझा डावा हात. लुळा हात. महिनाभर ज्याचं बोट हललं नाही, तो.

सोमवार, २४ तारीख

हिला फोन केला. सांगायचं होतं, गाडी घेऊन ये, मला धरून ने, चालू देऊ नकोस. तोंडातून आलं, आई जेवली का?

माझी आई जाऊन बारा वर्षं झाली.

परत प्रयत्न केला. तोंड म्हणालं, सगळं छान आहे, गाडी नको, चालत येतो. ही फोनवर आनंदाने रडायला लागली. मी आत ओरडत होतो.

आता हा उजवा हात तेवढा माझा आहे. उद्या इथून सुट्टी, ती न्यायला येईल. काही बोलायचं नाही, वही तिच्या हातात द्यायची. बस.

मंगळवार, २५ तारीख

जमलं नाही.

ही काउंटरवर सही करत होती. वही खिशातून काढेपर्यंत पाय उठले. धावलेच. ती मागे, अहो, अहो करत —

तीन जिने. दार वाजवायच्या आधीच उघडलं. म्हातारी बाई, डोळे पांढरे. चालीवरून ओळखलं म्हणाली. माझा चेहरा चाचपला नाही तिने. किती रे उशीर, म्हणाली आणि रडली. दाराला आतून कडी घातली. खुर्चीत बसवलंय. पाणी आणायला गेलीय.

लिहितोय. हात अजून माझा आहे. अजून.

दार वाजतंय.

ही आहे! सापडलं तिला. अहो, आत आहात का, विचारतेय. आहे गं, आहे — पाय हलत नाहीत. दार पाच पावलांवर. पान फाडून फेकीन —

म्हातारी विचारतेय, कोण आलंय रे?

तोंड उघडलं. आवाजही माझा नाही. म्हणालं, कुणी नाही आई. चुकून आलंय कुणीतरी.

बाहेर सगळं शांत.

उतरतेय ती. कठडा धरून, एकेक पायरी. तिची पावलं मी कुठेही ओळखीन. अगं थांब, मी इथे, मी तुझा —

डावा हात पेन ओढतो