सटवाईच्या वहीत

तिसरीच्या वर्गातून तू मला हाताला धरून उठवून नेलंस, ते मी अजून विसरलेले नाही. आधी तेवढं बोलून घेते. बरी आहेस का, तिकडं तरी पाय दुखायचे थांबले का, हे मागनं विचारीन.

आये, मी दौंडला आहे, लेकीकडं. रेल्वेच्या कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. लेक तिकिटाच्या खिडकीवर बसते. तिला मुलगी झाली, तुझी पणती. बाळंतपण माहेरी करायचं सोडून बाळंतिणीची आईच लेकीच्या घरी जाऊन राहिली, म्हणून यवतला आमच्या वस्तीवर बाया कुजबुजत असतील. कुजबुजू देत. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हे तू पाळलंस, तसं मीही पाळलं. चार वर्षं इथं यायचे ती घरनं बाटली भरून घेऊन. आता मात्र चहा बसल्या जागी मिळतो, आणि त्याची फेड रात्री करावी लागते. पोरगी दिवसभर गुणी बाळासारखी झोपते आणि रात्री दहाला तिचा दिवस उगवतो. जावई कंपनीत, त्यांची पाळी आठवड्याला बदलते. लेकीची रजा संपली, तिला सकाळी निघायचं असतं, तिला झोप पाहिजे. म्हणून रात्र माझ्या वाट्याला आली.

पाचवीच्या रात्रीचं सांगते. पाटा-वरवंटा पुजायचा, तर क्वार्टरमध्ये पाटा कुठला? लेक म्हणाली, "आई, मिक्सरचं भांडं ठेवू का?" मी म्हटलं, "ठेव की. सटवाई यील, चटणी वाटंल आन् जाईल." शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंकडनं पाटा उचलून आणला. नशीब लिहायला देवीसाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचा असतो, तर हिनं दोनशे पानांची कोरी करकरीत वहीच ठेवली. म्हणाली, "सविस्तर लिहू दे तिला." त्या रात्री घरातलं कुणीतरी जागं राहतं, मी राहिले. एकच्या सुमाराला पोरीनं सूर धरला तो सोडेना. हल्ली झोळीला स्प्रिंग असते, छताच्या हुकाला टांगतात, पण दोरी तीच. मी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि झोका सुरू केला. हे तुझंच शिकवणं. कांद्याच्या रानात लिंबाला झोळी बांधून धाकट्या भावाला माझ्या स्वाधीन करायचीस, तेव्हा म्हणायचीस, "दोरी अंगठ्याला बांध, हात रिकामं ठिवू नगं." मग मी हातानं शेंगा फोडायचे. इथं शेंगा नव्हत्या. पाट्यापाशी वही होती. आणि मी चूक केली, आये. देवीच्या वहीला हात घातला. पहिल्याच पानावर लिहिलं, झोप आता, किती रडशील.

साठ वर्षांत सही सोडून काही लिहिलं नव्हतं मी. अक्षरं अशी आली, की उंदरानं पान कुरतडलंय असं वाटावं. सकाळी लेकीनं ते बघितलं. मी भ्यालेलेच होते. सटवाईच्या आधी माणसानं लिहिलं तर काय होतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण आपल्यात लिहिता येणारी बाई त्या रात्री जागी होतीच कुठं? लेक हसून म्हणाली, "म्हणजे हिचं नशीब तू लिहिलंस. झोप लिहिलीस."

"मग झोपत का न्हाई?"

"देवीला तुझं अक्षर लागलं नसेल," ती म्हणाली, आणि वही माझ्याकडं सरकवली.

तेव्हापासून लिहिते. सुरुवातीला काय, एक वाजता दूध प्याली, दोनला ओकली, अडीचला मालगाडी गेली. मग मालगाडी जाताना मांडणीवरचे पेले एकमेकांना लागतात ते लिहिलं. त्या आवाजाला पोरगी मूठ उघडते, जरा थांबते आणि परत मिटते. एवढं एक लिहायला मला अख्खी रात्र लागली, कारण डोळ्यांना दिसत होतं ते कागदावर उतरलं की दुसरंच व्हायचं. खोडायचं, परत लिहायचं. जोडाक्षर अडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरात शोधायचं. पहाटे एकदाचं जमलं तेव्हा मी ते चारदा वाचलं आणि शेजारी कुणी नाही याचं मला वाईट वाटलं. जन्मभर मी तोंडानं बोलले, आणि माझं तोंड तुला ठाऊक आहे. बोललेलं माघारी घेता येत नाही. लिहिलेलं खोडता येतं, नीट करता येतं, हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?

मागच्या आठवड्यात एकदा पोरगी अकराला झोपली ती तीनपर्यंत हललीसुद्धा नाही. मला राग आला. खोटं कशाला सांगू, राग आला. तिच्या रडण्याच्या निमित्तानं मला बसायला मिळतं. तरी मी उठले, वही मांडीवर घेतली, अंगठ्याला दोरी बांधली आणि झोका देत बसले. लेक पाणी प्यायला उठली.

"ती झोपलीय. तू कुणाला हलवतीयस?"

"पायाला सवय लागली."

"काय लिहितीस एवढं?"

"तुझ्या आज्जीला लिहिते."

"तिला वाचता येत होतं?"

"न्हाई."

"मग?"

"म्हणून तर लिहिता येतंय."

ती शेजारी बसली. मी वाचायला दिलं नाही, पण मुठीचं तेवढं वाचून दाखवलं. मग मी माझं नेहमीचं सुरू केलं, तिसरीतून काढलं, झोळीला जुंपलं, नाहीतर मी कुठं असते. ते ती लहानपणापासून ऐकत आलीय. पण या वेळी तिनं ते मनाला लावून घेतलं. म्हणाली, "आज्जीनं तुझं वाटोळंच केलं की गं. मी असते तर परत बोलले नसते तिच्याशी." एवढं बोलून ती झोपायला गेली आणि मी तशीच बसून राहिले. माझ्या लेकीच्या तोंडात तुझं नाव असं आलं. तू गेलीस तेव्हा ती फार लहान होती. तुझ्या हाताला कोथिंबिरीचा वास यायचा हे तिला माहीत नाही, तू हसताना तोंडावर पदर घ्यायचीस हे माहीत नाही. तुझा गुन्हा तेवढा पाठ आहे, आणि तो मी पाठ करून घेतलाय.

म्हणून मी तो दिवस लिहायला घेतला, होता तसा. तीन रात्री गेल्या.

न्हावऱ्याची शाळा. मी वर्गात उभी आहे, पाढा आला नाही म्हणून. गुरुजींनी माझ्या बोटांमध्ये पेन्सिल धरून दाबलीय आणि बोटं अजून ठणकतायत. तू दारात येतेस. पदर खोचलेला, हाताला रोपांची माती. तू आत येत नाहीस, गुरुजी बाहेर येत नाहीत. "पोरीला न्याया आले," तू म्हणतेस.

"किती दिवस?"

"कांद्याची लागण हुस्तवर."

"न्या. तशीबी उभीच हाय," गुरुजी म्हणतात आणि पोरं हसतात. तू माझा हात धरतेस, आणि आये, मला इतकं बरं वाटतं, इतकं सुटल्यासारखं वाटतं, की पायाखालची फरशीसुद्धा गार लागते. ओढ्यापर्यंत आपण दोघी चालतो. तिथं तू वळून माझ्याकडं बघतेस. तुझं तोंड उतरलेलं आहे. तुला वाईट वाटतंय हे मला कळतं, आणि मग मी रडायला लागते. आधी नाही, तेव्हा.

बाजारच्या दिवशी तू शिरूरहून मला हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्यास. घरात दुसऱ्या कुणाला काही नाही, फक्त मला. नऊ वर्षांची होते, पण तेवढं कळत होतं. लागण झाली, काढणी झाली, धाकटा चालायला लागला, तेव्हा तू एकदा भाकरी थापता थापता विचारलंस, "जातीस का परत शाळंत?" मी म्हटलं, "आता कशाला? पोरं हसत्यात." आणि परत रडून दाखवलं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. पुढं माझं लग्न ठरलं तेव्हा बोलले, सासरी चार शब्द ऐकायला लागले तेव्हा बोलले, माझी पोरं शिकायला लागली तेव्हा तर फारच बोलले, की मला शिकवली असतीस तर. तू दर वेळी निघताना माझ्या पिशवीत काहीतरी जास्तीचं घालायचीस. शेवटच्या आजारात मी तुझ्या पायाला तेल चोळत होते, तेव्हा तू म्हणालीस, "तुझी शाळा माज्या जिवाला लागून ऱ्हायली, बाय." खरं काय ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी म्हटलं, "असू दे आता." माफ केल्यासारखं म्हटलं. चार दिवसांनी तू गेलीस.

आता बघ काय झालंय. जन्मभर जे खोटं रडले ते या वयात खरं झालं. या खोलीत, एका अक्षरासाठी कॅलेंडरापुढं उभी राहते तेव्हा मला खरंच वाटतं, शिकायला पाहिजे होतं. खोटं रडत होते तेव्हा ऐकायला तू होतीस. आता खरं रडायचं तर ओढ्यापाशी वळून बघायला कुणी नाही. लेकीला सांगायचं ठरवलं. सकाळी ती डबा भरत होती, मी मागं उभी राहिले. "काय गं?" म्हणाली. मी म्हटलं, "भाजीत मीठ बघ, जास्त पडलंय का." आणि ती गेली. सांगायचं आहेच तिला, पण आधी तुझ्याशी मिटवते.

हे पोस्टात टाकायचं नाही, टाकणार कुठं. वही पिठाच्या डब्याच्या मागं ठेवते. एक सांगायचं राहिलं. धाकट्याचा अधनंमधनं फोन येतो, "अक्का, आई सपनात आली व्हती, तुजं इचारीत व्हती." त्याच्याकडं जातेस. माझ्याकडं तू गेल्यापासून एकदाही आली नाहीस. मी कधी दाखवलं नाही, "येऊ दे की, तिला कुठं काम हाय," म्हणून फोन ठेवते. पण वाट बघते.

तर याचं उत्तर तू द्यायचंस. धाकट्यापाशी निरोप ठेवायचा नाही, त्याला यातलं काही माहीत नाही. राग आला असला तर रागातच ये. रात्री मी जागी असते. पहाटे पाचला पोरगी निजते तेव्हा मीही पडते, सातपर्यंत. तेवढ्यात यायचं, आणि तुझं तू यायचं.