दुसरी किल्ली

आई,

१. बुधवारी पावणे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात फिटर मोठ्या मिक्सरच्या टाकीत उतरला. आतली पाती साफ करायची होती.
२. मेन स्विच बंद करून मी त्याला माझं कुलूप लावलं. किल्ली खिशात ठेवली.
३. मॅनेजरने किल्ली मागितली. शेजारचा मिक्सर त्याच स्विचवर चालतो, तो त्यांना सुरू करायचा होता. मी दिली नाही.

"या मिक्सरचं बटण बंद आहे," ते म्हणाले. "त्याला ग्लोव्हज दिलेत, रबरी बूट दिलेत. अजून किती आयसोलेशन पाहिजे मॅडमना?"

"ते इन्सुलेशन झालं, सर."

"तेच ते. डिक्शनरी घरी ठेवून येत जा."

टाकीतून आवाज आला, "म्याडम, चावी तुमच्याकडंच हाय ना?"

"खिशात आहे."

"मग टेन्शन नाय. साहेबांना चहा पाजा."

तो बाहेर येईपर्यंत मी स्विचसमोरून हलले नाही.

जुईनगरचं आपलं स्वयंपाकघर. मी दहावीत आहे, मिक्सरच्या भांड्यात अडकलेलं खोबरं बोटाने काढतेय. तू नुकतीच आयटीआयमध्ये शिकवून आलीयस, खांद्यावर पर्स तशीच आहे. माझं मनगट धरतेस. बटण बंद आहे, मी म्हणते. "कोणी चालू केलं तर?" घरात आपण दोघीच आहोत, मी म्हणते. "मग मीच करीन. चुकून." तू प्लग काढून माझ्या हातात देतेस. तुझी आयटीआयची मुलं परीक्षेत हे दोन शब्द नेहमी उलटसुलट लिहायची. इन्सुलेशनमध्ये वीज तिथेच असते, आपण फक्त झाकलेले असतो. आयसोलेशनमध्ये तिची वाटच तोडलेली असते आणि ती पुन्हा जोडणं दुसऱ्या कोणाच्या हातात नसतं. हे तू भात लावता लावता सांगितलंस. मनगट दुखत होतं, म्हणून मी नीट ऐकलं.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तू मला लाल कुलूप दिलंस. किल्ली एकच होती. दुसरी कुठेय, मी विचारलं. "खाडीत टाकली. दुसरी किल्ली असली की ते कुलूप नुसतं शोभेचं." पुढच्या वर्षी तू गेलीस.

आता मॅनेजरना सोमवारी माझ्याकडून लेखी हवंय: या कुलपाला दुसरी किल्ली नाही. असेल तर ऑफिसात जमा करायची. जमा केली, तर पुढच्या वेळी माणूस आत असताना ते कुलूप उघडतील. मी नाही म्हणाले आणि नंतर सापडली, तर माझी नोकरी जाईल, आणि स्विचपाशी माझ्या शब्दावर कोणी टाकीत उतरणार नाही.

दुसरी किल्ली आहे, आई. तू गेल्यावर तुझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात सापडली, सेफ्टी पिनेला अडकवलेली. माझं कधी अडेल म्हणून ठेवली असशील, असं मी धरून चाललेय. स्वतःचा नियम तू एवढा एकदाच मोडलेला मला माहीत आहे.

ती खाडीत टाकली की मी खरं लिहून सही करू शकते. काल टाकायला गेले होते. पिनेसकट परत आणली.

टाकू का? रविवारपर्यंत कळव.