'गेट'चे अर्थ आणि विमलचे गुण

सौंसर, १० ऑक्टोबर १९५६
'गेट'चे एवढे अर्थ कुणी ठरवले? विमलने आज आठवीच्या वर्गात विचारलं. मला ठाऊक नाही, असं सांगितलं.
कोशात या एका क्रियापदाने पानंच्या पानं व्यापली आहेत. मुली पाठ करतात आणि विसरतात.
संध्याकाळी मुलींनी भुलाबाईच्या गाण्यांना बोलावलं. गाणी झाली की खिरापतीचा झाकलेला डबा हलवायचा, आत काय ते बाकीच्यांनी ओळखायचं. विमल म्हणाली, बाई, 'गेट'चंही असंच करू. एकीने इंग्रजी म्हणायचं, ओळखेल तिला आधी खिरापत. 'गेट अवे'ला एकजण ओरडली, सटकला! 'गेट अलाँग'ला विमल म्हणाली, "पटून रायते." याहून नेमका अर्थ मला बी.ए.ला कुणी सांगितला नव्हता.

पांढुर्णा, २ नोव्हेंबर
दिवाळीला घरी. काल नागपूर मुंबई राज्यात गेलं. आपण मध्यप्रदेशातच, राजधानी तेवढी भोपाळला. बाबा दुकानात गिऱ्हाइकांना सांगून राहिले की तिगावला गाडी थांबायची तिथेच थांबते, मग काय बदललं? आपल्याला कुणी विचारलं का, म्हटलं. बाबा कापड मोजत राहिले.

सौंसर, १४ नोव्हेंबर
हेडमास्तर तासाला येऊन बसले. 'गेट अलाँग'चा अर्थ विमलला विचारला. ती उभी राहून, न अडखळता, "पटून रायते."
ते हसले. त्यांच्यामागून वर्ग हसला. ज्या मुली भुलाबाईपुढे हेच म्हणत होत्या, त्याही. ही वावरातली भाषा, म्हणाले. यापुढे अर्थ शुद्ध हिंदीत लिहायचा, नाहीतर शून्य. फळ्यावरचं माझं मराठी स्वतः पुसलं.
नंतर मी विचारलं, वरून हुकूम आला का? नाही. पण येईलच, त्याआधी आपण तयार असलेलं बरं. "बाई, भोपाळले हे चालून नाही राहणार." हे कोणत्या भाषेत बोलले, त्यांचं त्यांना कळलं नाही.
रात्री मी कोश उघडून बसले. 'गेट'च्या अर्ध्या वाक्प्रचारांपुढे शेरा आहे: बाजारू, रस्त्यावरचे. लंडनच्या गाडीवानांचं बोलणं छापून, बांधून आमच्याकडे येतं आणि आम्ही ते पाठ करतो. विमलच्या आईचं बोलणं मात्र शून्य गुणांचं.

सौंसर, ३ डिसेंबर
सहामाहीचे पेपर हेडमास्तरांनी परत पाठवले. मराठीतल्या अर्थांचे गुण कापा. कापले तर विमल इंग्रजीत नापास. तिचे सगळे अर्थ बरोबर आहेत. एकही चुकलेला नाही.
आज तिचे वडील मोहगावहून आले. धोतराच्या सोग्यात संत्री. बसा म्हटलं तरी उभेच. "पास झाली त मॅट्रिकपर्यंत ठेवतो बाई. नाही त बगीच्यात काम हाये." मग हळूच, "इंग्रजी येते का तिले?"
येते, म्हटलं.
"मंग?"
शनिवारी निकालाला या, म्हटलं.
निकाल शनिवारी, अंगणात, पालकांसमोर. एकदा वाचला की फिरवायचा नाही, हा हेडमास्तरांचाच नियम. दोन वर्षांपूर्वी मालगुजार जमीनदारांच्या मुलीसाठीसुद्धा त्यांनी तो मोडला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान आहे.

सौंसर, ७ डिसेंबर
बाबा जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला म्हणून आले, खरं तर मला समजवायला. गुणांवरून हेडमास्तरांशी बिनसलंय, हे कुणीतरी कळवलं असणार. "घरात एकच बी.ए. हाये पोरी. नोकरी सांभाळ." रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं होतं.

सौंसर, ८ डिसेंबर
हेडमास्तर दर शनिवारी पहाटे जामसांवलीला जातात, शाळेला उशिरा येतात. मी आलो की निकाल वाचू, असं सांगून गेले होते.
अंगण भरलं. विमल खांबाला टेकून, नखं कुरतडत. तिचे वडील सर्वांत मागे.
त्यांची वाट न बघता मी घंटा वाजवायला लावली आणि वाचायला सुरुवात केली. एकही गुण कापलेला नव्हता. विमल, इंग्रजी, उत्तीर्ण. वडिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली.
शेवटची दोन नावं राहिली होती तेव्हा हेडमास्तर फाटकातून आत आले, कपाळाला शेंदूर, हातात नारळाचा प्रसाद. थांबा, असा हात केला.
उरलेली दोन नावं मी त्यांच्याकडे बघत वाचली.