आमच्या घरात आवाज नसतो

१ ऑगस्ट
नाइट शिफ्ट करून आलो. दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या घरी पोरं कशी असावीत, हे ज्याला बघायचं असेल त्यानं आमच्या क्वार्टरमध्ये यावं. पीयूष अकरावीत आहे, पण घरात आहे हे कळतसुद्धा नाही. चप्पल हातात घेऊन चालतो. शेजारचे केवलराम म्हणाले, "असं शांत लेकरू नशिबानंच भेटते." मी म्हणालो, नशीब नाही, संस्कार.

४ ऑगस्ट
बायकोची, म्हणजे शीलाची, कटकट. पोरगा जेवत नाही, बॅडमिंटन सोडलं, खोलीत पडून असतो म्हणे. "कावून बोलत नाही तो, विचारा तरी." मी म्हणालो, अभ्यास करत असेल. त्याला ड्रॉइंग घ्यायचं होतं, मॅथ्स मीच घ्यायला लावलं. पुढे आभार मानेल.
संकल्प: पीयूषशी रोज मित्रासारखं बोलणे. उद्यापासून.

५ ऑगस्ट
झोपलो. संकल्प परवापासून.

९ ऑगस्ट
युनिट टेस्टचे मार्क आले. फिजिक्समध्ये सात. कितीपैकी ते विचारलं नाही, मन खंबीर ठेवलं. माझ्या भाचीचं, मितालीचं उदाहरण दिलं. ती उतई गावाहून रोज बसनं शाळेत येते आणि पहिली येते. त्यानं खाली मान घालून ऐकलं, उलट उत्तर नाही. मग फोन काढून घेतला. त्याचा एकच दोस्त, अनिमेष, वडिलांच्या बदलीमुळे बोकारोला गेला. दोघं फोनवरच बोलायचे. आता एकाग्रता वाढेल.

१४ ऑगस्ट
शाळेत आम्हा दोघांना बोलावलं. शिस्तीबद्दल कौतुक असेल म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला. मॅडम म्हणाल्या, वर्गात डेस्कवर डोकं ठेवून असतो, परवा रडला, कारण सांगत नाही. काउन्सेलरकडे घेऊन जा. घरी कोणाशी बोलतो, असंही विचारलं. मी म्हणालो, आमच्याकडे सगळे समजूतदार आहेत.
बाहेर आल्यावर शीला रडली. मी नाही रडलो. स्कूटर सुरू होत नव्हती, तेवढंच. अपॉइंटमेंट शीलानं घेतली, पुढच्या आठवड्यातली.

१६ ऑगस्ट
बापापेक्षा मोठा काउन्सेलर कोण? उद्या सकाळी ड्यूटीवरून आल्यावर झोपायचंच नाही. रात्री वीकली ऑफ आहे. पोराशी बोलायचं आणि प्रश्न मिटवायचा. अपॉइंटमेंट कॅन्सल करावी लागेल असं शीलाला सांगितलं. ती म्हणाली, आधी बोला तर.

१७ ऑगस्ट, दुपार
खरंच झोपलो नाही. दोनदा चहा घेतला. पीयूषच्या खोलीत गेलो, पलंगावर भिंतीला टेकून बसलो आणि विचारलं, "काय होऊन राहिलं बेटा तुले?" विचारलं तेही कुजबुजून. या घरात मोठ्यानं बोलायचं मीच विसरलोय.
तो म्हणाला, "बाबा, मले ना सुबह उठावंसंच नाही वाटत."
हात धरला त्याचा. केवढा गार. बोल, म्हणालो. आणि तो बोलायला लागला.

१७ ऑगस्ट, संध्याकाळ
जाग आली तेव्हा अंगावर चादर होती. पीयूष खिडकीपाशी बसला होता.
स्वयंपाकघरात गेलो तर शीलाचे डोळे भरलेले. म्हणाली, "किती दिवसांनी आवाज आयकला त्याचा. लय वेळ बोलून राहिला होता." बापलेकांचं चाललंय म्हणून ती मुद्दाम आत आली नव्हती. मी म्हणालो, हो, सगळं मोकळं झालं.
परत खोलीत गेलो. पीयूषलाही सांगितलं, मी ऐकत होतो, डोळे फक्त मिटले होते. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "तो बताओ ना बाबा, मी काय म्हटलं?"
पहिल्या वाक्याच्या पुढचं मला काहीच सांगता आलं नाही.