पद्मजाची कंबर

१९ नोव्हेंबर २०२३

पद्मजा चार किलोनं उतरली! धाकटी जाऊ माझी. आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहते, जेवणं एकत्र — म्हणजे रोज डोळ्यांसमोर. दिवाळीच्या फराळाला मी हात लावला नाही. वजन उतरलं कुणाचं? तिचं! आधी नोएडात चॅनेलची नोकरी, मग गाता गळा, आता कंबरही तिलाच. जळतेय मी. लिहून टाकलं, बरं वाटलं.

१४ डिसेंबर

सकाळी मेट्रोपर्यंत दोघी बरोबर गेलो. सारखी खोकत होती. म्हणाली, प्रदूषण. खरंच आहे, दिल्लीत या दिवसांत कोण खोकत नाही! पण अंगात स्वेटर नाही आणि कपाळावर घाम — या थंडीत? म्हटलं, चोरून जिम लावलंस काय ग? नुसती हसली. डाएट काय ते सांगेल तर शपथ!

१५ डिसेंबर

आजपासून माझं रात्रीचं जेवण बंद. बघूच.

२१ जानेवारी २०२४

मंडळाचं हळदीकुंकू. पद्मजा नऊवारीत. बायका नुसत्या तुटून पडल्या! शेजारच्या भल्लाबाई तर "क्या फिगर है यार" म्हणत तिच्याभोवती फिरल्या. मला म्हणे, थकल्यासारख्या दिसता. पाच आठवडे उपाशी राहून हे फळ! वाण घेतलं नि घरी आले. तिळाचे लाडू होते तेवढे खाल्ले.

३ फेब्रुवारी

टी.बी. पद्मजाला टी.बी.!

रुमालावर रक्त आलं, तेव्हा विश्वासभावजी — तिचा नवरा — तिला ओढतच घेऊन गेले. एक्स-रेत डाग, थुंकीत जंतू. डॉक्टर चिडले म्हणे. दोन आठवड्यांच्या वर खोकला, वजन उतरतंय, घाम येतोय — एवढं दिसल्यावर थांबतं का कुणी? मला तर सगळं दिसत होतं. मी कंबरच बघत बसले.

सहा महिने रोज गोळ्या. एकही दिवस चुकवला नाही तर पूर्ण बरी होईल. होऊ दे रे देवा.

१२ फेब्रुवारी

एकत्र जेवणारे म्हणून सगळ्यांची तपासणी झाली. आमच्या घरात श्रीरंग, माझा नवरा, ठीक. माझा एक्स-रे स्वच्छ, पण रक्तात निघालं — जंतू अंगात शिरलाय, झोपलाय फक्त. तो उठू नये म्हणून आठवड्यातून एकदा गोळ्या, बारा आठवडे. श्रीरंग म्हणाला, यात घाबरण्यासारखं काही नाही. त्याला काय जातंय म्हणायला!

१८ मे

पद्मजाचं वजन पाच किलोनं वाढलं. डॉक्टर खूश. भावजी रोज अंडी उकडून, सोलून तिच्या ताटात ठेवतात. बारीक झाली तरी कौतुक, जाड झाली तरी कौतुक! माझ्या गोळ्या संपून दहा दिवस झाले, कुणाच्या लक्षातही नाही. लाज वाटते हे लिहिताना. तरी लिहिते.

७ ऑगस्ट

तिच्या गोळ्या संपल्या. थुंकी स्वच्छ! चहाला वर आली. मी विचारलं, इतके दिवस दुखणं अंगावर का काढलंस ग? तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली,

"ताई, दिवाळीपासूनच कळत होतं, काहीतरी बिनसलंय. पण तुम्ही पहिल्यांदाच माझ्याकडे हेव्यानं बघत होतात. ते सोडवेना हो."

पहिल्यांदाच!