त्याला आपल्याच घरची घोंगडी पाहिजे

आबा, तुम्ही झेडपीला पाडलेला तो माणूस मंत्री होणार म्हणतात. साधासुधा नाही, महसूलमंत्री. अजून काही जाहीर नाही, पण लोणीच्या चौकात फ्लेक्स लागलेत, आणि एकेकाळी तुमचा प्रचार करणारेच त्यावर हात जोडून हसतायत. उगवत्या सूर्याला नमस्कार, दुसरं काय! मला राग येतो आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते, कारण गायरान आता त्याच्याच खात्याखाली जाणार. परवा मोजणीवाले येऊन गेले. कुणी बोलावले, कुणी सांगत नाही. धाकट्याची मेंढरं तिथंच चरतात. चुना फासलेले दगड दाखवून तो म्हणाला, "भाऊ, आता मेंढरं कुठं न्यायची?" मी म्हटलं, बघू.

लेण्याद्रीच्या पायथ्याचा तो मेळावा मला सारखा आठवतो. पिवळे फेटे, भंडाऱ्यानं माखलेली कपाळं, तुमच्या हातात आईनं कातलेल्या लोकरीची घोंगडी. तुमचा अर्ज भरून झालेला, तरी तुमच्याविरुद्ध उभा राहिलेला तो येतो. निवडणूक बिनविरोध करा म्हणतो आणि सगळ्यांदेखत घोंगडी खांद्यावर घ्यायला तुमच्यापुढे मान वाकवून उभा राहतो. गायरानात कोल्ड स्टोरेज काढायचं त्याच्या मनात तेव्हापासूनच. तुम्ही घोंगडीची घडी घालता, खाली ठेवता आणि तिच्यावर बसता. तो तसाच वाकलेला. मागं कुणीतरी फिस्सकन हसतं. परतताना जीपमध्ये मी म्हणालो, "आबा, टाकायची व्हती की. काय बिघडलं असतं?" तुम्ही खेकसलात, "घोंगडी टाकली की मानूस घरचा व्हतो. घरच्याला मंग न्हाई कसं म्हनशील?"

काल त्याचा माणूस पेढे घेऊन आला. "सत्काराला घोंगडी तुमच्याच घरची पायजे. सायब म्हनले, आबांच्या थोरल्याच्या हातानं."

"लई मंडळी हायेत, कुनीबी टाकंल की," मी म्हटलं.

तो गायरानाकडं बघत चहा प्यायला, मग फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडं तोच होता. आवाज अगदी गोड. तुमच्याबद्दल चांगलं बोलला, धाकट्याच्या मेंढरांची चौकशी केली. किती आहेत, कुठं बसतात, सगळं त्याला ठाऊक. मग म्हणाला, "पावणं, आता वय झालं. आपली मान काय वाकत न्हाई. तुमीच जरा हात वर करा."

मी नाही म्हणणार होतो. शब्द ओठापर्यंत आला होता. धाकटा दारात उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणालो, "जी सायेब."

आज तुम्ही असता आणि हे तुम्हाला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. मी हो म्हणालो, ते एक वेळ तुम्ही समजून घ्याल. पण आबा, फोन परत देताना माझ्या लक्षात आलं, मी खुर्चीवरून केव्हाच उठून उभा राहिलो होतो.